केडगावच्या बाजारात मी ओरडलो

मी डबा बोलतोय. आज निवांत बोलतोय. कामावर होतो तेव्हा मला फक्त ओरडता यायचं. सोपानरावांच्या मोटारसायकलच्या पुढच्या लेगगार्डला दोन पट्ट्यांनी आवळलेला, चोर पकडायचा घरगुती डबा, ही माझी ओळख. खरं तर चोर मी कधीच पकडला नाही. ते काम माणसं करत. मी आवाज द्यायचो, आणि माणसांना तेवढा पुरायचा.

माझा जन्म वरवंडला, हायवेच्या कडेला, म्हाळूच्या रिवाइंडिंगच्या दुकानात झाला. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी त्याच्याकडे येत आणि तांब्याची नवी तार गुंडाळून परत जात. अठ्ठ्याण्णव साली तालुक्यात मोटारसायकली चोरीला जाऊ लागल्या, तेव्हा म्हाळूच्या डोक्यात मी शिरलो. अंग हवं म्हणून त्यानं बायकोचा, सुवर्णाचा, ॲल्युमिनियमचा जेवणाचा डबा उचलला आणि त्याला ड्रिल लावलं.

"अवं, त्यात मी भाकरी न्यायचे ना?" सुवर्णा म्हणाली.

"आता फडक्यात ने. ह्यो मोठ्या कामाला चाललाय."

माझ्या पोटात त्यानं भोकं पाडली, तापल्या सळईनं आतड्यांना टाके घातले, मोटारीच्या तारांना लावायचं वार्निश तीन वेळा पाजलं आणि प्रत्येक वेळी मोठ्या बल्बखाली भाजलं. झाकणाखाली ट्रॅक्टरच्या ट्यूबचं रबर कापून बसवलं. तारा वरून न आणता खालून आणल्या आणि त्यांना झोळ दिला, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी आत न शिरता खाली ठिबकावं. शेवटी मला विहिरीच्या पाइपाखाली धरलं आणि मोटार चालू केली. थोबाडावर पाच हॉर्सपॉवरचं पाणी बसलं. माणसांत याला संगोपन म्हणतात असं ऐकून आहे.

मी कोरडा राहिलो. सोपानरावांना मात्र माझ्या बुडाला एक बारीक भोक दिसलं.

"म्हाळू, एवढं सगळं बुजवलंस आन् हे भोक ठिवलंस व्हय?"

"आप्पा, आत वाफ धरती. तिला जायला वाट नको का? वरून पाऊस यील, खालून कोण येतंय?"

माझ्या आत काचेच्या नळीत पाऱ्याचा एक थेंब होता. गाडी स्टँडवरून हलली की थेंब घरंगळायचा, दोन तारा एकमेकींना भेटायच्या आणि मी बोंब ठोकायचो. गाडी लावल्यावर मला जागं करायचं बटण सोपानरावांनी सीटखाली लपवलं होतं. लपवलं म्हणजे, फक्त साऱ्या वरवंडाला माहीत होतं.

सोपानराव झेंडू आणि गुलछडी पिकवत, बाजारोबाजार विकत. स्वभावानं वाईट नव्हते. फक्त गाडीवर त्यांचा जीव होता, आणि ज्यांचा वस्तूवर जीव असतो त्यांच्या हाताशी काठी असते.

पहिला पावसाळा मी चिखल खात काढला. पुढच्या चैत्रात दौंडच्या स्टेशनाबाहेर एका माणसानं खरोखरच गाडी ढकलली. मी ओरडलो. तो तीस पावलंसुद्धा गेला नसेल. लोकांनी त्याला रिक्षाच्या टपाला डोकं आपटून आपटून मारलं. एक दात माझ्या झाकणावर येऊन पडला. त्याच्या खिशात दुसऱ्या दोन गाड्यांच्या किल्ल्या निघाल्या, त्यामुळे मारणाऱ्यांना फार पुण्य लागलं. सोपानरावांनी ओल्या फडक्यानं मला पुसलं आणि गावभर सांगितलं, "आपला डबा खोटं बोलत न्हाई." ते वाक्य लोकांना आवडलं. म्हाळूकडे आणखी अकरा डब्यांची मागणी आली. मीही फुगलो, खोटं कशाला सांगू.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे विळे, कोयते, नांगर, वजनकाटे सगळ्यांना आंघोळ आणि हळदीकुंकू. सोपानरावांनी गाडी धुतली, हँडलला स्वतःच्या रानातल्या झेंडूची माळ घातली आणि नारळ फोडायला दगड शोधू लागले. अंगणात नुकतीच फरशी घातलेली, दगड कुठला? त्यांची नजर माझ्यावर गेली. माझ्याइतकं सपाट गाडीत दुसरं काही नव्हतं, आणि माझा मान राखायचाही विचार असावा. "हा तर घरचा राखणदार," म्हणत त्यांनी नारळ माझ्या कपाळावर हाणला.

पहिल्या घावात नारळ फुटला नाही. दुसऱ्यात माझं झाकण वाकलं. तिसऱ्यात आम्ही दोघंही फुटलो. रबर सरकलं, आतलं वार्निश तडकलं आणि नारळाचं पाणी थेट माझ्या काळजात उतरलं. दोन पावसाळ्यांना जे जमलं नव्हतं ते एका भक्तीनं केलं. सोपानरावांनी झाकण पक्कडीनं दाबून बसवलं आणि प्रसाद वाटला.

साधं पाणी वाळून जातं. नारळाचं पाणी वाळतं, पण आपला चिकट खारट थर मागं ठेवतं. हवा दमट झाली की तो थर ओलसर होतो आणि वीज त्यातून वाट काढते. हे मला आज कळतंय. तेव्हा नुसतं आत काहीतरी चावत होतं.

दिवाळीनंतर केडगावच्या बाजारात ते झालं. सकाळपासून अवकाळी भुरभुर लागलेली. सोपानराव गाडी लावून, मला जागं करून फुलांच्या पाटीशी गेले. माझ्या मागं भैरूची सायकल होती. भैरू भीमेपलीकडचा, शिरूर तालुक्यातला धनगर. स्वतःची मेंढरं केव्हाच विकली होती; दुसऱ्यांची कातरून देत गावोगाव फिरायचा. मेंढराच्या कातडीला ओरखडा न आणता लोकर उतरवणारा हात म्हणून त्याला लांबून बोलावणी येत. सायकल सोडवायला तो आला, कातरीचं गाठोडं क्षणभर गाडीच्या सीटवर ठेवलं आणि पटका नीट बांधू लागला.

गाडी तसूभर हलली नव्हती. पाऱ्याचा थेंब जागच्या जागी होता. आणि मी ओरडलो.

भैरू दचकला. पळाला असता तर कदाचित वाचला असता. पण जन्म मेंढरांत गेलेला. ओरडणाऱ्याला सोडून जायचं नसतं एवढंच त्याला ठाऊक. तो खाली वाकला आणि घाबरलेल्या कोकराला थोपटावं तसा मला थोपटू लागला. "गप, गप. काय झालं रं तुला?"

लोकांनी एवढंच पाहिलं, की त्याचा हात डब्यावर आहे.

पहिली काठी सोपानरावांची. ती भैरूच्या उजव्या मनगटावर बसली आणि आतलं हाड वाळल्या काटकीसारखं मोडलं. तो आवाज माझ्या बोंबेतही मला ऐकू आला. "डबा खोटं बोलत न्हाई!" कुणीतरी गर्जलं. गाठोडं सुटलं, कातर बाहेर पडली. "हत्यार हाय त्याच्याकडं!" मग काही राहिलं नाही. टोमॅटोच्या खोक्याच्या फळ्या आल्या, वजनकाट्याची दांडी आली, चपला आल्या. एका गृहस्थानं मिरच्यांची पिशवी जपून कोरड्या जागी ठेवली, चार लाथा घातल्या, पिशवी उचलली, मिरच्या सांडल्या नाहीत ना बघितलं आणि गेला. एका म्हाताऱ्यानं छत्रीची मूठ हाणता हाणता शेजाऱ्याला विचारलं, "काय केलंय रं ह्यानं?" शेजारी म्हणाला, "म्या आत्ताच आलोय आबा." आणि दोघंही मारत राहिले. भैरूचा एक डोळा मिटला. कानातून रक्त येऊन गळ्यातल्या भंडाऱ्यात मिसळलं.

तो काहीतरी सांगत होता. कुणालाच कळत नव्हतं, कारण मी ओरडत होतो. फक्त मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं. तो म्हणत होता, "सायकल... माझी सायकल घेत होतो."

अर्धमेल्या भैरूला चौकीत नेलं. मला सोपानरावांनी घरी नेलं, आणि तिथे मी त्यांच्याच अंगणात, मांजरसुद्धा जवळ नसताना, तीनदा ओरडलो. तिसऱ्या वेळी त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला म्हाळूच्या टेबलावर ठेवलं.

म्हाळूनं झाकण उचकटलं, वास घेतला, बोट लावून चाखलं.

"आप्पा, नारळ कशावर फोडला हुता?"

"डब्यावरच. देवाच्या नावानं फोडला, त्यात काय?"

म्हाळूनं झाकणावरचा खड्डा अंगठ्यानं चाचपला.

"पुसून टाक," सोपानराव खालच्या आवाजात म्हणाले. "नवं वार्निश मार. कुणाला सांगायचं न्हाई. तो सुटंल दोन दिसांनी."

"सुटंल कसा? चोरी लावलीय त्याच्यावर. तुमच्या डब्याच्या साक्षीनं."

"माझ्या? डबा तुझा हाय, म्हाळू. उद्या लोकं म्हंतील, म्हाळूचा डबा खोटा. मग ते अकरा डबे बायकोच्या गळ्यात बांध."

ते खरं होतं. म्हाळूनं फडकं उचललं. तो थर पुसला गेला असता, तर भैरू निर्दोष आहे हे सांगणारं जगात काही उरलं नसतं. फडकं माझ्यापर्यंत पोचलं होतं.

"हात लावू नगा," सुवर्णा दारातून म्हणाली. "त्याची बायको सकाळधरनं चौकीबाहेर बसलीय. कालपासून अन्नाचा कण न्हाई तिच्या पोटात. तुमचा डबा खोटा ठरला तर दुकान बसंल. खरा ठरला तर तो मानूस बसंल आत. काय ते ठरवा, आन् मग पुसा."

म्हाळूनं फडकं टाकलं. मला तसाच उघडा, एका बॅटरीसकट सायकलीला बांधला. सोपानराव मागोमाग गाडीवर आले. अडवायला की बघायला, ते त्यांनाही माहीत नसावं.

चौकीत हवालदारांच्या टेबलावर मला ठेवून म्हाळूनं तारा जोडल्या. "सायब, कुणी हात लावू नगा. लांब व्हा." आणि त्यानं माझ्यावर वाकून, आरशावर सोडावा तसा एक श्वास सोडला. नुसता एक श्वास. तेवढी वाफ मला पुरली. मी सगळी चौकी डोक्यावर घेतली.

कोपऱ्यात बसलेल्या भैरूनं मोडलेला हात डोक्यावर घेतला आणि भिंतीशी मुटकुळं केलं. "न्हाई सायब, म्या न्हाई, म्या न्हाई," तो ओरडू लागला. म्हाळूनं तार ओढून मला गप्प केलं, तरी तो ओरडतच होता. त्याची बायको सिंधूबाई धावत आत आली आणि त्याच्यावर ओणवी झाली. तिला वाटलं, पुन्हा मारतायत.

सोपानराव दारात उभे होते. त्यांनी टोपी काढली. "सायब, लिहून घ्या," ते म्हणाले. "पहिली काठी माझी."

भैरू त्या दिवशी सुटला. गुन्हा सोपानरावांवर आणि इतर अनोळखी इसमांवर दाखल झाला. ते अनोळखी इसम आजही त्यांच्याकडून फुलं नेतात आणि जाताना रामराम घालतात. म्हाळूच्या अकराही डब्यांची मागणी फिरली. तो पुन्हा जळक्या मोटारी गुंडाळतो. भैरूचं मनगट वाकडं जुळलं. त्या हातात आता कातर चालत नाही.

मला आणि त्या कातरीला मुद्देमाल म्हणून चिठ्ठ्या बांधून चौकीतल्या एकाच फळीवर ठेवलं. पाच वर्षं आम्ही शेजारी गंजत होतो. सिंधूबाई दर हंगामाला कातर मागायला यायची आणि दर हंगामाला तिला पुढची तारीख मिळायची. मागच्या महिन्यात एकदाचा कोर्टाचा कागद आला. हवालदारांनी कातर काढून दिली. तिनं दगडावर दोन हात घासली, हवेत उघडमीट करून पाहिली.

"कोण कातरणार आता?" हवालदारांनी विचारलं.

"मी. त्यो मेंढरू धरतो, सांगतो. मी कातरते. मागून आणलेल्या कातरीनं पहिल्या वर्साला लई रगत काढलं बिचाऱ्यांचं, आता जमतंय." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "ह्यो अजून वरडतो का?"

"बॅटरी न्हाई बाई त्याला."

"बरं हाय," ती म्हणाली आणि गेली.

बरंच आहे. वाचणाऱ्यांपैकी कुणी हौशी माणूस मला इथून नेऊन, धुऊन, पुन्हा वार्निश मारून बसवायचा बेत करत असेल, तर त्याला माझी हात जोडून विनंती, की तसं करू नये. मला बॅटरी जोडू नका. माझ्या आवाजावर त्या दिवशी जे धावून आले, त्यांतल्या एकालाही बॅटरी लागली नव्हती.