चिमट्याखालचा हिरवा रंग

१९७९ सालची गोष्ट. त्या हिवाळ्यात हवा इतकी कोरडी होती की ओठ फुटतील म्हणून हसायचीही चोरी. बादल्यांच्या कारखान्यात वहिनी रोजंदारीवर होती. तिची नणंदही तिच्याच मशीनवर काम करायची. ती वहिनी म्हणे, म्हणून सगळा कारखानाच वहिनी म्हणू लागला. एक तारखेला तिला कायम करायचं ठरलं होतं. फक्त मशीनं सांभाळणाऱ्या मिस्त्रींची सही बाकी होती.

प्लास्टिकचा दाणा पाइपातून वाऱ्याच्या जोरावर मशीनवरच्या लोखंडी हॉपरमध्ये, म्हणजे मोठ्या नरसाळ्यात, पडायचा. घासून घासून त्यात वीज भरायची आणि त्याची भुकटी भिंतीला चिकटून बसायची. ती वीज जमिनीत उतरावी म्हणून हॉपरला चिमट्याने तांब्याची तार लावलेली होती. रंग बदलायचा झाला की मशीन बंद करून वहिनी हॉपर आतून पुसून काढी.

आणि तरी त्या बुधवारी पांढऱ्या बादल्यांवर लाल ठिपके उठले. थोड्याथोडक्या नाही, चाळीस बादल्यांवर.

"कालचा लाल दाणा पुसला नाहीत, वहिनी," मिस्त्री म्हणाले. "अशा कामावर मी सही कशी करू?"

"तीनदा पुसलाय."

"मग बादल्यांना गोवर आला म्हणायचा."

नणंद खुदकन हसली आणि वहिनीचा चेहरा पाहून बादल्या मोजू लागली. हातातोंडाशी आलेली नोकरी जायची वेळ होती.

मशीन थांबवून वहिनीने पुन्हा फडकं घेतलं. लाल भुकटी पुसावी तशी इकडून तिकडे सरके, पण भिंत काही सोडेना. कोपर लोखंडाला लागलं आणि सणकन झटका बसला.

"वन्सं, तुम्हालाही बसतो का हो?"

"सोमवारपासून. मी तर हात लावायच्या आधी मशीनची परवानगी मागते."

सोमवार म्हटल्यावर वहिनी चिमट्याकडे वळली. मालक येणार म्हणून रविवारी मिस्त्रींनी हॉपरला हिरवा रंग दिला होता. माणूस भारी टापटिपीचा. चिमटा काढून, त्याच्याखालीही दोन हात मारून, वाळल्यावर तो जागच्या जागी बसवला होता.

"मिस्त्री, तार कशाला लागलीय?"

"हॉपरला. डोळे तपासून घ्या."

"हॉपरला कुठे? ती तर रंगाला लागलीय."

मिस्त्रींनी वाकून चिमटा काढला आणि त्याखाली नखाने टोकरून पाहिलं. मग पातं काढून त्यांनी लोखंड उघडं पडेपर्यंत रंग खरवडला आणि चिमटा आवळला. वहिनीने फडकं फिरवलं. भुकटी निमूट सुटून आली.

"पंधरा वर्षांत माझी चूक कुणी काढली नव्हती," मिस्त्री म्हणाले.

"मी फक्त तार कुठे लागलीय ते विचारलं."

संध्याकाळी त्यांनी सही केली. वाया गेलेल्या बादल्यांच्या कागदावर चूक कोणाची, तिथे स्वतःचं नाव लिहिलं.

वहिनी एकोणीस वर्षांनी त्याच मशीनवरून निवृत्त झाली. मिस्त्री पुढे दुसऱ्या कारखान्यात गेले. तिथे नव्या माणसाला पहिल्या दिवशी ते स्वतःचीच फजिती सांगत, असं ऐकू आलं. नणंदेने वर्षभरात नोकरी सोडून शिवणकाम धरलं. दोघींचं नणंद-भावजयीचं नेहमीचं भांडणही आणि येणंजाणंही शेवटपर्यंत चालू राहिलं.