मागून पुसलेली प्रत

ताईला जाऊन अकरा दिवस झाले होते आणि घरात तिच्या हातचं एक अक्षर सापडत नव्हतं. जे काही लिहायची ते सगळं मोबाइलमध्ये, आणि मोबाइल तिच्याबरोबरच नदीत गेलेला. म्हणून भर दुपारी गॅरेजमधलं काम तसंच टाकून मी नाट्यगृहाच्या ग्रंथालयात गेलो. तिथं ती नऊ वर्षं नाटकांच्या प्रती आणि जुन्या प्रयोगांच्या ध्वनिफिती सांभाळायची. दारावर पाटी होती, 'बूट बाहेर काढा'. मी तसाच घुसलो.

"दार ठोठावलं असतंस तर हात झिजले असते का रे?" ग्रंथपाल बाई म्हणाल्या. मग माझं तोंड बघून त्यांनी खुर्ची पुढं सरकवली.

"तिच्या हातचं काहीतरी द्या. चिठ्ठी, यादी, काहीही."

"तिच्या कपाटाची चावी खाली कचेरीत आहे, आणते. तोवर एवढं पुसून ठेवशील? उद्या नवी मंडळी ही प्रत न्यायला येणार, आणि तिच्या जागी अजून कुणी नाही."

टेबलावर प्रॉम्प्टरची प्रत होती. कोण कधी येतं, कुठं थांबतं, काय करतं, हे सगळं समासात पेन्सिलीनं लिहिलेलं असतं, आणि प्रयोग संपले की ग्रंथालयात ते पुसून टाकतात. ताईनं मला हे काम एकदा दाखवलं होतं. शेवटच्या पानापासून मागं यायचं, म्हणजे वाचत बसायचा मोह होत नाही. "तुला तसाही होणार नाही म्हणा, सातवीतून पळालेल्याला," असं म्हणून खो खो हसली होती.

मी राग काढल्यासारखं पुसत सुटलो. चौदा पानांचे समास पांढरे झाले. पंधराव्यावर हात थांबला, कारण ते अक्षर मी झोपेतही ओळखलं असतं.

'भाऊ दार ढकलतो. बूट पायातच. बाई चावी आणायला जातात. भाऊ मागून पुसायला घेतो.'

आणि अगदी तळाशी, घाईघाईत: 'ताई परत येते. दाराशी थांबते. मग'

मघाशीच पुसलेलं पुढचं पान मी उलटलं. समास कोरा. उजेडात धरलं, तिरकं धरलं, बोटांनी चाचपलं. मी नेहमीसारखाच जोर लावून पुसलं होतं, काही म्हणून उरलं नव्हतं.

बाई चावी घेऊन आल्या.

"या नाटकात भाऊ आहे का हो?"

"नाही रे. दोनच पात्रं, नवरा आणि बायको."

मी पान पुढं केलं. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसून पुन्हा लावला.

"अक्षर तिचंच," त्या हळूच म्हणाल्या. "पण ही प्रत इथून पुसूनच गेली होती, आणि परत आली ती परवा."

खोडरबराचा चुरा टेबलभर पसरला होता. तो मी दोन्ही हातांनी गोळा करायला लागलो, एकही कण खाली पडू नये असा. तेवढ्यात व्हरांड्यात पावलं वाजली. बाईंनीही मान वळवली. पावलं दारापर्यंत आली, आणि पुढं काय करायचं ते विसरल्यासारखी तिथंच थांबली.