कड्या उपटणारे महाराज

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर महाराजांनी एका आजीबाईंच्या दंडावर कापसाचा बोळा फिरवला, डोळे पांढरे केले आणि बोळ्यातून पितळेची इवलीशी कडी उपसून ताटात टाकली. खण्ण! टाळ्यांनी छत हादरलं.

“भक्तहो, एचआयव्हीचा विषाणू पेशीच्या दारावरची कडी धरून आत शिरतो. डॉक्टर बिचारे विषाणूच्या मागे धावतात. आम्ही कडीच उपटतो! गोळ्या बंद! माझ्या स्वतःच्या कड्या तर केव्हाच उपटल्यात. मला हा रोग शिवूसुद्धा शकत नाही!”

तिसऱ्या रांगेत ताई दात आवळून बसली होती. ती सरकारी प्रयोगशाळेत रोग्यांच्या रक्तातल्या याच, रोगाशी लढणाऱ्या पेशी मोजायची. शेजारी तिचा धाकटा भाऊ. शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबत होता. सहा महिन्यांपूर्वी त्याच्या पेशी सहाशे वीस होत्या. महाराजांनी गोळ्या सोडवल्या आणि परवा भरल्या नव्वद. ताईने तीनदा मोजून पाहिलं होतं.

“अरे, आज तरी गोळी घे.”

“ताई, सात कड्या निघाल्या माझ्या. या डोळ्यांनी पाहिल्यात.”

“बरं,” ताई म्हणाली आणि पर्स घेऊन उठली. या ‘बरं’ला तिच्या घरात सगळे टरकून असत.

व्यासपीठावर जाऊन तिने लाल द्रवाची नळी आणि सुई काढली. “महाराज, मी प्रयोगशाळेत काम करते. तुम्हाला रोग शिवत नाही ना? मग हात पुढे करा. थोडंसं टोचते.”

“माते, हे स्थान पवित्र आहे.”

“मग तर काळजीच मिटली. बाही वर करा.”

“करा महाराज!” पुढच्या रांगेतले भक्तच ओरडले. “दाखवून द्या हिला!”

सुईत लाल द्रव भरला. सुई दंडापासून बोटभर अंतरावर आली आणि महाराजांनी खुर्चीवर टुणकन उडी मारली.

“अगं बये, वेडी झालीस का? मला होईल ना एड्स!”

माइक चालू होता.

ताईने नळीत उरलेला लाल द्रव पिऊन टाकला. “बीटाचा रस. सकाळी घरीच काढला.” मग तिने ताटाशेजारचे बोळे एकेक करून फाडले. प्रत्येकाच्या पोटात एक कडी. “पेशीवर विषाणूला धरायला जागा असते, एवढं याने कुठेतरी वाचलं. ती जागा पेशीचाच भाग आहे, दुकानातलं पितळ नव्हे! गोळ्या विषाणूची वाढ रोखतात, म्हणून पेशी पुन्हा वाढतात. गोळ्या सोडल्या तर काय होतं, ते माझ्या घरात बसलंय.”

महाराज मागच्या दाराने सटकले. तिथे पोलीस उभे होते. ताईने सकाळीच लेखी तक्रार दिली होती. महाराजांना गाडीत कोंबताना ताई मुद्दाम बघायला गेली. गाडी वळेपर्यंत बघत राहिली. असं समाधान तिला पगारवाढीनेही दिलं नव्हतं.

भाऊ दाराशी आला.

“ताई, भरून येतील का गं पेशी?”

“ठाऊक नाही. उद्या नऊला ये. आधी डॉक्टरांना भेट, मग रक्त दे. मी मोजते.”

वाचकहो, सगळ्यांनीच सुई घेऊन फिरायला हवं असं नाही. चमत्कार दिसला की एवढंच म्हणायचं, “आधी स्वतःवर करून दाखवा.” आणि उत्तर मिळेपर्यंत आपली गोळी चुकवायची नाही.