मुदत कशाची संपली?

मित्रांनो, मी फिटच्या गोळ्यांची एक जुनी पट्टी आहे. पट्टी म्हणून नाक मुरडू नका. एके काळी माझा काय तोरा होता! मला शोधून काढणाऱ्या कंपनीकडे माझं पेटंट होतं. म्हणजे ठरावीक वर्षं माझ्यासारखी गोळी दुसऱ्या कुणी बनवायचीच नाही. त्यामुळे माझे भाव गगनाला भिडलेले.

मी एका शिंप्याच्या घरी आले. त्याला मशीनवर बसल्या बसल्या फिट यायची, ती माझ्यामुळे थांबली. त्याची बायको मला तळहातावरच्या फोडासारखी जपायची. माझ्यापायी तिने स्वतःच्या किती गरजांना कात्री लावली, ते मी पाहिलंय.

गोळ्या संपत आल्या, तेव्हा ती मला नमुना म्हणून औषधाच्या दुकानात घेऊन गेली. मागे ही गर्दी! दुकानदार घाईघाईत म्हणाला, "ताई, हिची मुदत संपली. आता स्वस्तातली मिळते, ती देऊ?"

त्याला म्हणायचं होतं, पेटंटची मुदत. आता इतर कंपन्याही तेच औषध बनवणार, म्हणून स्वस्त. पण मेल्याने अर्धं वाक्य गिळलं! "नको, राहू दे," म्हणत बाई तडक घरी आली.

"अहो, ऐकलंत का? मुदत संपलेला माल स्वस्तात आपल्या गळ्यात मारत होता!"

"मग ही पट्टी?" शिंप्याने विचारलं.

"हीसुद्धा त्याच्याकडचीच. तोंडात घालू नका. सोमवारी डॉक्टरांना विचारू."

"चला, तेवढीच कडू गोळीपासून सुटका," तो हसला.

मला चिंध्यांच्या पिशवीत टाकलं. जीव तुटत होता माझा, पण गोळीला कुठली वाचा?

सोमवार उजाडलाच नाही त्याच्यासाठी. इस्त्री करताना फिट आली, टेबलाचा कोपरा डोक्याला लागला आणि तो पुन्हा उठला नाही.

दुकानदार भेटायला आला, तेव्हा बाई त्याच्या अंगावर धावून गेली. "मुदत संपलेल्या गोळ्या दिल्यात तुम्ही आम्हाला!"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो ताई, पेटंटची मुदत संपली होती. गोळी चांगलीच होती."

"चांगली होती?" बाई पुटपुटली. "मग मी त्यांना का थांबवलं?"

मित्रांनो, औषधाचं सांगताना पुरतं सांगा. कळलं नाही तर लाजू नका, पुन्हा विचारा. आणि पट्टी जरा उलटून बघा. माझ्या पाठीवर पुढच्या वर्षाची तारीख आहे. त्या दिवशी ती कुणीच वाचली नाही.