मिनिटाला तीस फेरे

मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, फार थकलेला आहे. थकलेल्यांची गोष्ट जरा सावकाश चालते. तेवढं सांभाळून घ्या.

माझं काम तसं एकच. अंगावर ठेवलेली तबकडी मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे फिरवायची, ना कमी, ना जास्त. माझ्या पोटात एक छोटी मोटर आहे. तिच्यापासून थाळीपर्यंत रबराचा एक पट्टा जातो आणि तो पट्टा थाळी ओढतो. थाळीच्या कडेला ठिपक्यांची रांग आहे, शेजारी करंगळीच्या नखाएवढा दिवा. वेग बरोबर असला की दिव्याच्या उजेडात ते ठिपके जागच्या जागी उभे दिसतात. वेग कमी पडला की ते मागे सरकू लागतात. ज्यांनी मला बनवलं त्यांना ठाऊक होतं की या पेटीला बोलता येणार नाही. म्हणून त्यांनी मला ठिपके दिले.

इर्या लेहतोनं मला कॅनडातल्या थंडर बे शहरातल्या एका दुकानातून घरी आणलं तेव्हा ती तेवीस वर्षांची होती आणि शाळेची बस चालवायला नुकतीच लागली होती. त्या काळात माझं फार कौतुक झालं. पाहुणे आले की आधी माझं झाकण उघडलं जाई. इर्या फडक्यानं माझी काच पुसायची, तबकडी दोन तळहातांच्या मध्ये धरायची आणि सुई अशी टेकवायची, जणू झोपलेल्या बाळाच्या अंगावर पांघरूण घालते आहे. पुढे चकचकीत सीड्या आल्या. मी तळघरात गेलो. जुने स्केट, फाटके हातमोजे आणि गालिच्याची एक गुंडाळी यांच्याखाली मी वीस वर्षं पडून होतो. मी फिरत नव्हतो, तरी पट्टा ताणलेलाच होता. रबराला एकाच जागी वीस वर्षं ताणून ठेवा, ते सैल पडतं. थाळीखालचं वंगण सुकून मेणासारखं झालं. दिवा कधी गेला ते माझं मलाच कळलं नाही.

मग तीन वर्षांपूर्वी इर्याची भाची कायसा तळघरात काहीतरी शोधायला उतरली आणि ओरडली, “आत्या! हा चालतो का गं?”

असं विचारण्याला कारण होतं. इर्या, कायसा आणि शेजारचा न्हावी मर्विन असे तिघं थिया कॅल्डर नावाच्या गायिकेचे चाहते. साधेसुधे नाहीत, जुने आणि कडक. त्यांचा एक नियम होता, सात रविवारांचा. थियाचा नवा अल्बम आला की तो दुपारच्या कॉफीला एकत्र बसून, मध्ये न थांबवता, सात रविवार ऐकायचा. मधल्या आठवड्यात तो कुठेही ऐकायचा नाही, फोनवर नाही, गाडीत नाही, दुकानात लागला तर कान झाकून बाहेर पडायचं. प्रत्येक वेळी ऐकून झालं की एका कार्डावर एक ओळ लिहायची आणि डब्यात टाकायची. सातव्या रविवारी डबा उघडायचा. त्याआधी ‘आवडला’, ‘नाही आवडला’ असं बोलायला बंदी. इर्या म्हणायची, “पहिल्यांदा ऐकून मत देणारा माणूस दारातूनच जेवणाला नावं ठेवतो.”

आतापर्यंत हे रविवार सीडीवर झाले होते. ते यंत्र बंद पडलं होतं आणि सहा वर्षांनी आलेला थियाचा नवा अल्बम मर्विननं हौसेनं तबकडीवर मागवला होता. कायसानं मला तिथेच तळघरात मांडलं, पुसलं, नवी सुई बसवली, बटण दाबलं. थाळी फिरली.

“फिरतोय की!” मर्विन म्हणाला. “माझ्यापेक्षा बऱ्या अवस्थेत आहे.”

“तुझ्यापेक्षा तर तो गालिचाही बरा आहे,” इर्या म्हणाली.

फिरत होतो खरा. मिनिटाला तीस फेरे. मला माझा उणेपणा जाणवत होता, पण ठिपके अंधारात होते आणि बघणारं कुणी नव्हतं.

पहिलं गाणं संपलं तेव्हा मर्विननं कपाळाला आठ्या घातल्या. “आवाज किती खाली गेलाय हिचा.”

“सहा वर्षं झाली,” इर्या म्हणाली. “आपला नाही गेला?”

“मर्विनकाका, बोलायला बंदी आहे,” कायसानं डबा वाजवला.

इर्याची कार्डं मला माहीत आहेत, कारण ती माझ्या झाकणावर ठेवूनच लिहायची. पहिल्या रविवारी तिनं लिहिलं, ‘नाही जमलं. ओढत नेल्यासारखं.’ दुसऱ्या रविवारी, ‘तेच.’ तिसऱ्या रविवारी ती बराच वेळ पेन हातात घेऊन बसली आणि मग लिहिलं, ‘मंगळवारी बस चालवताना तिसऱ्या गाण्याचा शेवट आठवला. का, ते माहीत नाही.’ चौथ्या रविवारी तिनं कॉफीबरोबरचा, गुलाबी साखरेचा थर असलेला ‘पर्शियन’ नावाचा गोड बन अर्धाच खाल्ला आणि काहीच लिहिलं नाही. पाचव्या रविवारी ती ठरल्या वेळेआधी अर्धा तास खाली येऊन बसली.

ती त्रेसष्ट वर्षांची होती. उणे तीस अंशांतही पहाटे उठून बसवरचा बर्फ खरवडायची, दिवसभर चाळीस पोरांच्या कलकलाटात गाडी हाकायची. गुडघे कुरकुरत होते. शाळेच्या कचेरीतली तरुण मंडळी तिच्याशी बोलताना वाक्य अर्धवट सोडून पुढे जायची. सातव्या रविवारी डबा उघडला आणि तिचं शेवटचं कार्ड कायसानं मोठ्यानं वाचलं: ‘सहावं गाणं म्हणजे कामावरून आलेली बाई, दाराशी बसून एकेक बूट काढते आहे. जगात सगळं माझ्यापेक्षा घाईत आहे. हा एकटा अल्बम माझ्या चालीनं चालतो.’

मर्विननं नाक शिंकरलं आणि सर्दी झाल्याचं सांगितलं.

आता बोलायला मोकळीक होती. थियाच्या चाहत्यांचा इंटरनेटवर एक कट्टा आहे, अमेरिका-कॅनडातले नऊशे लोक. तिथे त्या आठवड्यात विषय होता, ‘हा अल्बम तुमच्यात कधी रुजला?’ सास्काटूनच्या एकानं लिहिलं होतं, अकराव्यांदा, पेट्रोल भरताना. टल्साच्या डेलोरा नावाच्या बाईनं लिहिलं होतं, भांडी घासताना, आणि तेही फक्त दुसरं गाणं, बाकीची अजून पाहुणीच आहेत. इर्या असल्या ठिकाणी कधी लिहीत नसे. पण त्या दिवशी तिनं ते सगळं लिहिलं, बूट काढणारी बाई, खोल गेलेला आवाज, बेचाळीस मिनिटांची संथ चाल. खाली स्वतःचं नाव घातलं.

दुसऱ्या दिवशी ती खाली आली तेव्हा तिच्या हातात फोन होता आणि कान लाल झाले होते.

“काय म्हणतायत?” मर्विननं विचारलं.

तिनं वाचून दाखवलं. “‘आजीबाई, सहावं गाणं नाचाचं आहे, आम्ही स्वयंपाकघरात उड्या मारतो.’ दुसरा म्हणतो, ‘अल्बम अडतीस मिनिटांचा आहे, उरलेली चार मिनिटं डुलकी लागली असेल.’ तिसरा विचारतोय, नक्की थियाच ऐकलीत ना?”

“गाढवं आहेत,” मर्विन भडकला. “कानात बोळे घातलेत त्यांनी. थांब, त्यांची जिरवतो. फोनवर लाव सहावं, आणि इकडे आपलं. दोन्ही बरोबर. ऐकू दे मलाही, कसला नाच आहे तो.”

सहावं गाणं दुसऱ्या बाजूचं पहिलंच, त्यामुळे सुई ठेवणं सोपं होतं. कायसानं एक-दोन-तीन म्हटलं. मित्रांनो, त्या क्षणी माझी मोटर जळून गेली असती तर मला बरं वाटलं असतं. पहिला शब्द दोन्ही थियांनी जवळजवळ एकत्र म्हटला. ओळ संपेपर्यंत फोनमधली थिया पुढे निघाली होती. तिचा आवाज उंच होता, हलका होता, हसरासुद्धा होता. माझ्यावरची तिच्या मागून पाय ओढत येत होती. फोनवरचं गाणं चार मिनिटांत संपलं. नंतर त्या तळघरात माझं गाणं एकटं चालत राहिलं. कायसानं घड्याळ पाहिलं. सत्तावीस सेकंद.

तिनं कागदाचा एक कपटा थाळीच्या कडेला चिकटवला आणि मिनिटभर फेरे मोजले. “तीस,” ती हळूच म्हणाली. “आत्या, हा दहा टक्के हळू फिरतोय.”

इर्या खुर्चीत बसली. “म्हणजे ती बाई...”

“कोण बाई?”

“बूट काढणारी. ती थियानं गायलीच नव्हती.” तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. रागानं नाही, रागाला लागणारा जोरही त्यात नव्हता. “सात रविवार मी एका बिघाडाला जीव लावला. आणि नऊशे लोकांना सांगून आले.”

“चूक सगळ्यांचीच आहे,” मर्विन म्हणाला. “मी न्हावी आहे, माझे कान तरी शाबूत असायला हवे होते.”

“तुझ्या कार्डांवर बनाबद्दलच लिहिलं होतं, मर्विन.” ती उठली. “रविवार बंद. आणि हे धूड घेऊन जा इथून.”

ती जिना चढून गेली. पायऱ्या तेरा आहेत. सातवीवर ती थांबली होती.

मर्विननं मला नेलं नाही. तो स्क्रूड्रायव्हर घेऊन आला आणि त्यानं मला उघडलं. माझा पट्टा त्यानं बोटावर लोंबकळवला तेव्हा तो उकडलेल्या शेवयीसारखा दिसत होता. “अरे देवा,” तो मला म्हणाला, “इतका थकला होतास तर पार बंद तरी पडायचंस. आम्हाला कळलं असतं.” मित्रांनो, वर्मावर बोट ठेवलं त्यानं. बंद पडणाऱ्याकडे सगळे धावतात. नुसत्या मंदावलेल्याला सगळे ‘चालतंय की’ म्हणतात.

त्यानं वंगण खरवडून नवं घातलं, दिवा बदलला, दहा दिवसांनी आलेला नवा पट्टा चढवला. ठिपके जागच्या जागी उभे राहिले. इतक्या वर्षांनी मी बरोबर होतो आणि दोन रविवार माझ्यासमोरच्या तिन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. वरून फक्त इर्याच्या पावलांचा आवाज यायचा.

तिसऱ्या रविवारी कायसाचा आवाज आला. “आत्या, निदान खरं काय ते लिही. नाहीतर ते कायम हसतील.”

“हसू देत.”

“मग मला लिहू दे.”

“नको. तू उगाच माझी बाजू घेशील.”

इर्यानं स्वतःच लिहिलं, दोन ओळी. ‘माझं यंत्र दहा टक्के हळू होतं. मी लिहिलेलं मागे घेते.’

दोन दिवसांनी टल्साच्या डेलोराचं उत्तर आलं. फोन हातात धरून इर्या खाली उतरली, मर्विनला हाक मारून बोलावलं आणि कोरड्या आवाजात वाचू लागली. ‘मागे घेऊ नका. मी माझ्याकडचं गाणं दहा टक्के हळू करून ऐकलं. पहिल्यांदा काही नाही. चौथ्यांदा ती बाई दिसली. तिचे बूट ओले आहेत. मी दिवसभर इस्पितळात उभी असते, मला असले बूट ओळखू येतात.’

मर्विन टाळी वाजवणार होता. इर्यानं त्याला थांबवलं. “जिंकल्यासारखं करू नकोस. तिनं माझ्या वेगानं ऐकलं, चार वेळा. मी थियाच्या वेगानं किती वेळा ऐकलंय?”

“एकदा,” कायसा म्हणाली. “तेही अर्धे कान झाकून.”

“मग डबा आण.”

असे आमचे रविवार पुन्हा एकपासून सुरू झाले. पहिल्या दिवशी इर्यानं दात आवळून ऐकलं. तिसऱ्या रविवारी तिनं लिहिलं, ‘ही पोरगी फार धावते,’ आणि पाचव्या रविवारी, ‘पण धापा टाकत नाही, हे मान्य.’ सातवा रविवार झाला, पुढेही बरेच झाले. आता नाचाच्या गाण्याला तिचा एक पाय ताल धरतो, दुसऱ्या पायाचा गुडघा ऐकत नाही.

तुम्हाला माझी विनंती आहे, मित्रांनो. तुमच्या घरात एखादं जुनं यंत्र फिरत असेल, तर ते फिरतंय एवढ्यावर समाधान मानू नका. अधूनमधून त्याच्याशेजारी घड्याळ ठेवा, त्याचे फेरे मोजा. माणसांनाही हेच लागू आहे. आम्ही एकदम थांबत नाही. हळूहळू मंदावतो, आणि मंदावल्याचं आमच्या तोंडून कधी निघत नाही.

पट्टा नवा असला तरी मी जुनाच आहे, बाकीचे भाग केव्हातरी दगा देतीलच. हल्ली संध्याकाळी वरचं दार उघडतं, इर्या बाकावर बसते, आणि बूट काढता काढता सहावं गाणं गुणगुणते. रविवारी इतक्यांदा खरा वेग ऐकूनही ती ते संथच गुणगुणते. मोजण्याची माझी सवय जात नाही, म्हणून मी मोजून पाहिलं. दहा टक्के हळू, अगदी अचूक. जिन्याखाली मी माझे ठिपके जागेवर धरून उभा असतो आणि तिचे दोन्ही बूट निघेपर्यंत ऐकतो.