शेजारच्या सीटचा ब्रेक

"उजवा पाय का दाबताय?" नर्सने विचारलं.

"कुठे दाबतेय?"

"हा काय. टाच टेकलीय आणि चवडा खाली. पेटका आलाय का?"

टेबलावर उताण्या निजलेल्या ब्रेकबाईंनी मान उचलून पाहिलं. गुडघे वर, गुडघ्यांवर चादर, आणि चादरीच्या पलीकडे त्यांचा स्वतःचा उजवा पाय टेबलाच्या कडेत असा रुतला होता की बोटं पांढरी पडली होती. नर्सने अजून बोटही लावलं नव्हतं. ती नुसते हातमोजे चढवत होती.

"ब्रेक मारतेय," ब्रेकबाई म्हणाल्या. मोठ्याने म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच हसू आलं. हसता हसता डोळे भरले.

इथे जरा थांबू. आधी फॉर्म.

*

फॉर्म बाहेरच भरून झाला होता. प्रत्येक प्रश्नापुढे एक ओळ.

*वय.* बावन्न. मावलं.

*व्यवसाय.* मोटार चालवायला शिकवते. हेही मावलं, पण बरंचसं ओळीबाहेर राहिलं.

शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याने गडबड केली की शिकवणारा तो दाबतो. तेवीस वर्षं त्या सीटवर बसून बसून बाईंच्या उजव्या चपलेचा तळ डावीच्या आधी झिजायचा. शिकणारे तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे ब्रेकबाई. बाईंना हे ठाऊक होतं. नाव ठेवणाऱ्याला गाडी येतेय ना, मग झालं.

त्यांची एक पद्धत होती, तिला बाकीचे शिकवणारे हसत. पहिल्या दिवशी त्या शिकणाऱ्याला स्टिअरिंगवर बसवतच नसत. त्याला बसवत शेजारी.

"आज गाडी मी चालवणार. ब्रेक तुझा. वाटेल तेव्हा दाब. कारण विचारणार नाही."

रिकाम्या मैदानात चालत्या माणसाच्या वेगाने गाडी फिरे. पहिले दोन-तीन ब्रेक उगाच मारलेले असत, खरंच थांबते का ते बघायला. मग हळूहळू खांदे खाली येत. घाबरट माणूसही दुसऱ्या दिवशी स्वतःहून स्टिअरिंगवर बसे. आणि 'सोपं असतं हो' असं बाई कुणालाही, कधीही म्हणत नसत.

*याआधीची तपासणी.* 'सहा वर्षांपूर्वी. अपूर्ण.'

अपूर्ण हा शब्द त्यांनी कागदावरून उचलला होता. नमुना नीट आला नाही, पुन्हा या, असं पत्र आलं होतं. मग दुसरं. मग तिसरं. तिन्ही पत्रं गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात, टायरमधली हवा मोजायच्या मीटरखाली.

त्या वेळी टेबल असंच होतं, चादर नव्हती. 'दोन मुलं झालीत ना तुम्हाला? मग एवढ्याशाला काय घाबरता?' तेव्हाची नर्स म्हणाली होती. बाई 'थांबा' म्हणाल्या. 'झालंच.' 'थांबा हो.' 'झालंच, झालंच.' चार वेळा म्हणाल्या. चौथ्यांदा आवाजच फुटला नाही. घरी गेल्यावर रक्त लागलेलं दिसलं, आणि संध्याकाळी त्यांनी धाकट्या बहिणीला सगळं सांगितलं. अक्षरही गाळलं नाही. एकमेकींच्या वेण्या घालायच्या तेव्हापासून दोघींचं असंच होतं, लपवाछपवी नाही.

*कुटुंबात कुणाला काही त्रास?* आधी लिहिलं 'नाही'. मग खोडलं.

दोन महिन्यांपूर्वी सिग्नलला गाडी उभी असताना धाकटी शेजारच्या सीटवरून म्हणाली होती, "ताई, पाळी जाऊन दोन वर्षं झाली की नाही मला? परत डाग पडतायत."

"डॉक्टरांकडे गेलीस?"

"गेले. म्हणाल्या, गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी आधी करून घ्या. उशीर नको."

"मग?"

"मग काय? मी नाही करणार. तूच तर सांगितलं होतंस."

सिग्नल हिरवा झाला होता. मागचे हॉर्न वाजवत होते. तेवीस वर्षांत पहिल्यांदा बाईंची गाडी बंद पडली.

त्यानंतर दोन महिने समजावणं, रुसणं, एकदा चक्क फोन आपटणं. धाकटी टपालाच्या खिडकीमागे बसणारी. कागद पूर्ण असल्याशिवाय पार्सल घ्यायची नाही, तसाच तिचा सौदा. "तू आधी जा. बाहेर येऊन खरं सांग. मग मी ठरवीन. आणि खोटं बोललीस तर मला कळेल हं. तुझी डावी भुवई उडते."

*

तर टेबल. पाय. नर्स.

"ब्रेक म्हणजे?" नर्सने विचारलं.

बाईंनी सांगितलं. मैदान, पहिला दिवस, शेजारची सीट. सहा वर्षांपूर्वीचंही सांगितलं. आणि बाहेर कोण बसलंय, तेही.

ट्रेमधून उचललेलं बदकाच्या चोचीसारखं साधन नर्सने परत ठेवलं आणि कपाटातून लहान मापाचं काढलं. नळाखाली धरलं. पाणी गरम होईपर्यंत धरलं. मग टेबलाच्या पायथ्याशी येऊन म्हणाली,

"आज गाडी मी चालवते. ब्रेक तुमचा. तुमचा चवडा खाली गेला, की मी थांबणार."

बाईंनी लगेच चवडा दाबला.

नर्सने दोन्ही हात वर केले. "काय झालं?"

"काही नाही. बघत होते."

"शिकणाऱ्यांनाही असंच छळता का हो?"

"ते मला छळतात."

दुसरा ब्रेक खराखुरा होता. आत कुठेतरी जुनं दुखणं खडबडून जागं झालं, मांड्या दगड झाल्या. नर्स थांबली. बाहेर घेतलं. घड्याळाकडे पाहिलं नाही, सुस्काराही टाकला नाही. तिसऱ्या ब्रेकनंतर म्हणाली, "उताणं राहू दे. कुशीवर वळा बघू. गुडघे पोटाशी घ्या. वयानुसार आतून कोरडं होतं, त्यात तुमचा काय दोष?"

त्यात तुमचा काय दोष. भिंतीकडे तोंड करून निजलेल्या बाईंनी ते वाक्य दोनदा मनाशी म्हटलं.

"आता दुखेल. दहा मोजेपर्यंत. मोठ्याने मोजा."

दुखलं. बोथट सुईने आतून खरवडावं तसं. बाई मोजत राहिल्या, आणि चवडा मात्र सैल पडून राहिला.

"अकरा झाले," त्या म्हणाल्या.

"एक माझा चुकला. झालं, बाई. नमुना छान आलाय. पंधरा दिवसांत कळवतील."

साडी नेसताना बाईंना तिला काहीतरी द्यावंसं वाटत होतं. आभार मानायला गेल्या आणि त्यांनी भलतंच विचारलं. "तुम्हाला गाडी येते?"

"छे! मला भीती वाटते."

"या मग. पहिल्या दिवशी मी चालवीन."

*

धाकटी खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती. तिने ताईच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. फक्त भुवईकडे.

"खरं सांग."

"दुखतं."

"बघ! म्हटलं नव्हतं मी?"

"अकरा मोजेपर्यंत. त्याआधी मी तीनदा थांबवलं. तिन्ही वेळा थांबली."

"खरंच थांबली?"

"हात वर करून. पहिल्यांदा तर मी उगाचच थांबवलं होतं."

धाकटी बघत राहिली. भुवई जागची हलली नाही. मग तिने पर्स ताईच्या मांडीवर ठेवली, वर फॉर्म ठेवला, वर चष्मा.

"चष्मा कशाला?"

"मला काही बघायचंच नाहीये तिथलं."

दाराशी जाऊन ती वळली. "इथेच बस. चहाबिहा प्यायला जाऊ नकोस."

"नाही गं बाई. जा."

दार लागलं.

मांडीवर धाकटीचा फॉर्म होता. टपालखात्याच्या सवयीने सगळं सुवाच्य, ओळीच्या आत. वय एकोणपन्नास. त्रास कधीपासून, तारखेसकट. ती तारीख बाईंनी वाचली. सिग्नलवर सांगितलं त्याच्याही तीन महिने आधीची होती. लपवाछपवी नाही म्हणणाऱ्या दोघींपैकी एक तीन महिने एकटीच घाबरत बसली होती. शेवटचा प्रश्न, *सोबत कोण आहे?* त्यापुढे नाव नव्हतं. नुसतं 'ताई'.

बाईंनी चष्मा पदराने पुसला. पुन्हा पुसला. फरशीवर त्यांचा उजवा चवडा दाबलेला होता, चपलेचा पट्टा ताणलेला.

आतून धाकटीचा आवाज आला. "थांबा."

मग आतली खुडबूड थांबली. बऱ्याच वेळाने नळाचं पाणी वाहू लागलं, पाणी गरम होईपर्यंत वाहत राहिलं.

बाईंनी पाय उचलला आणि खुर्चीखाली घेतला.