सगळे खाली

ड्रमची काठी वेदिकाच्या गालाच्या हाडावर बसली आणि अॅम्पच्या मागे जाऊन पडली. तिनं गिटार थांबवली नाही. थांबलं की दुसरी येते, हे तिला माहीत होतं.

“वरचा मारलास!” ड्रममागून प्रफुल्ल ओरडला. “तिसऱ्या कडव्यात. मला ऐकू येतं, वेदे. सगळे खाली पाहिजेत. सगळे!”

गंगापूर रोडमागच्या गल्लीतला हा भाड्याचा गाळा. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, पंखा एकच, तोही प्रफुल्लकडे तोंड करून. प्रफुल्ल तिचा सख्खा मोठा भाऊ. वडील गेल्यावर गिटार त्यानंच घेऊन दिली, तार छेडायची पिक बोटांत धरायला त्यानंच शिकवलं. गाणंही त्याचंच होतं. चार मिनिटं भन्नाट वेगात तार फक्त वरून खाली छेडायची, पहिल्या ठोक्यापासून शेवटच्यापर्यंत. खालीवर वाजवलं तर हाताला आराम मिळतो, पण वर जाणारा स्ट्रोक हलका पडतो आणि गाण्याचं वजन जातं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तेच वाईट होतं. तिसऱ्या मिनिटाला तिचा हात कोपरापर्यंत पेटायचा आणि ती मध्येच एखादा वरचा चोरायची.

“दादा, रक्त येतंय तिला,” स्नेहा म्हणाली. ती बँडमध्ये गायची आणि बेस गिटार वाजवायची.

“येऊ दे.” तो उठून आला. त्यानं वेदिकाचं मनगट धरलं आणि अॅम्पच्या कडेवर आपटलं. “असा जोर पाहिजे. असा. असा.”

तिसऱ्या वेळी तिच्या तोंडून आवाज निघाला. तेव्हा त्यानं हात सोडला.

दुसऱ्या दिवशी मनगट सुजून टम्म झालं होतं. प्रफुल्ल कामावर गेल्यावर तिनं पलंगावर बसून गिटार मांडीवर घेतली. जोर लावता येईना, म्हणून तिनं लावलाच नाही. मनगट सैल सोडलं. हात आपल्याच वजनानं तारेवर पडू लागला. पडायचा, उचलला जायचा, पुन्हा पडायचा, दर वेळी तेवढाच. वेग किंचित कमी झाला होता, पण त्या वेगात गाणं झुलत होतं. तिचा पाय आपसूक हलू लागला. चार मिनिटं झाली. पाच झाली. कोपर पेटलं नाही. तिनं ते कोणाला सांगितलं नाही.

रविवारी दुपारी कॉलेजच्या मैदानावर स्पर्धा होती. समोर चारेकशे पोरंपोरी. प्रफुल्लनं काठ्यांवर चार मोजले आणि दुसऱ्या कडव्यातच ठरल्या वेगाच्या पुढे धावायला लागला. जोश चढला की तो धावायचाच, आणि इतकी वर्षं ती मागून फरफटत जायची. आज गेली नाही. तिचा हात आपल्या जागी पडत राहिला.

ड्रम पुढे, गिटार मागे. स्नेहाची एक ओळ हुकली. तिनं वळून प्रफुल्लकडे पाहिलं, मग दोन पावलं वेदिकाच्या बाजूला सरकली आणि तिच्या हातावर नजर ठेवून गाऊ लागली. पुढच्या रांगेतली डोकी त्याच तालावर हलायला लागली.

झांजेचा स्टँड कोसळला. प्रफुल्ल ड्रम तुडवत पुढे आला. त्यानं डाव्या मुठीत तिचे केस धरले आणि उजवी मूठ तिच्या तोंडावर हाणली. दात तुटल्याचा आवाज तिला आतून ऐकू आला. तारेवर हात अजून पडतच होता. दुसऱ्या ठोशाला ती गिटारसकट खाली गेली. त्यानं लाथ उचलली, तेवढ्यात चारपाच पोरांनी त्याला मागे ओढलं.

दवाखान्यात स्नेहा तिला रिक्षानं घेऊन आली. पाठोपाठ प्रफुल्लही आला. शर्ट फाटलेला, आवाज एकदम मऊ.

“स्टेजवर पडली, डॉक्टर. स्टँड लागला,” तो दारातून म्हणाला. “आईलाही तेच सांगितलंय, वेदू.”

स्नेहानं वेदिकाचा हात घट्ट धरला. वेदिकानं तोंडातला कापसाचा बोळा काढला.

“भावानं मारलं,” ती म्हणाली. “ह्यानं. आज मारलं, गुरुवारीही मारलं. लिहा.”

डॉक्टर बाईंचं पेन थांबलं. “पोलिसांना कळवावं लागेल.”

“कळवा.”

“आधीही मारलंय?”

“हो.”

“पहिल्यांदा कधी?”

वेदिका आठवू लागली. सहा वर्षं की सात? उन्हाळा होता का? तिला नीट सांगता येईना.

“तेरा जून,” दारातून प्रफुल्ल म्हणाला. तो भिंतीला टेकून हळूहळू खाली बसत होता. “तिला अकरावीला प्रवेश मिळाला, त्या दिवशी.”